ज्याची त्याची पट्टी

कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला कादराबाद, म्हणजे नवा जालना. जुन्या जालन्यातल्या एका बोळात तात्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गोष्टीतल्या दुकानाचा पत्ता विचारू नये. तिच्यातले व्होल्ट आणि ओहम मात्र खरे आहेत. शंका असेल त्यानं मीटर लावून बघावं.

तात्यांचा हात व्हॉल्व्हच्या रेडिओवर बसलेला. पुढे ट्रान्झिस्टर आले, परभणी केंद्र शेताच्या बांधावर वाजू लागलं, मग टेप आले, टीव्ही आले, आणि शेवटी दुकानात यायला लागले ते मोबाईलचे चार्जर आणि मिक्सरचे कपलर. तात्यांनी कशालाच नाक मुरडलं नाही. हाताखाली बदनापूरकडचा एक पोरगा होता, आयटीआय झालेला. त्याचा डाग स्वच्छ पडायचा, डोकं चालायचं, आणि जीव जडला होता तो 5200-1943 या ट्रान्झिस्टरांच्या जोडीवर. ही जोडी हीटसिंकवर ओळीनं बसवली की स्पीकरची जाळी थरथरते, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या वयाच्या पोरांचं बहुधा असंच असतं. 4440 च्या डबल आयसी बोर्डावर बारा व्होल्टची बॅटरी लावून पहिलं गाणं वाजवलेलं असतं, आणि त्यानंतर प्रत्येक मशीन आधीच्यापेक्षा मोठं करायचं, हाच अभ्यासक्रम.

एका फाल्गुनात घनसावंगी तालुक्यातल्या एका गावाचं भजनी मंडळ दुकानात आलं. गाव कुंभार पिंपळगावच्या पुढचं. जवळच जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. रामनवमीला सगळी गर्दी तिकडे, म्हणून या गावानं आपला हरिनाम सप्ताह हनुमान जयंतीला काला येईल असा बसवलेला. त्यांचं जुनं मशीन जळालं होतं. नवं तयार विकत घ्यायचं तर वर्गणी पुरत नव्हती, म्हणून बनवून घ्यायचं ठरलं.

पोरग्यानं वही पुढं ओढली. "किती वॅटचं करू?"

"शेजारच्या गावाचं अडीचशेचं हाय," खजिनदार आप्पा म्हणाले. "आपलं पाचशेचं पायजे."

पोरग्याचे डोळे चमकले. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लावणार काय काय, आप्पा?"

"काय काय म्हंजी? माईक. अजून काय?"

तात्या गप्प बसले. गप्प बसलेल्या माणसापुढं लोक बोलतात. पेटीवाले बुवा म्हणाले, पेटीला आतून चिकटवायचं ते पितळेचं बटण घेतलंय, त्याची वायर कुठं तरी खुपसायची आहे. गुरुजी म्हणाले, घरी फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे, सुई नवी बसवलीय, हरिपाठाआधी अभंगांच्या रेकॉर्डी लावू. बरोबरची दोन पोरं म्हणाली, मोबाईल तर लागणारच. लग्नाच्या खरेदीला म्हणून त्याच जीपमधून आलेल्या थोरल्या काकू पायरीशी उभ्या होत्या. त्याही काही तरी म्हणाल्या. पण तेवढ्यात आप्पांनी "चला, आटपा" म्हटलं, आणि तात्यांच्या कानी 'कॅसेट' एवढाच शब्द पडला. वहीत काकूंचं काही लिहिलं गेलं नाही.

मंडळी गेल्यावर तात्यांनी पोरग्याला हिशेब घातला. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल इतका. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट साधारण दहापट लागतात. "म्हणजे शेजारच्या गावाला हरवायला खर्च दुप्पट, आणि हरवायचं 3 डेसिबलनं," तात्या म्हणाले. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबल पडतो. त्यापेक्षा मांडवाच्या मध्यात दुसरा बॉक्स ठेवलेला बरा. त्यातून 2000 सालापासूनचा ध्वनिप्रदूषणाचा नियम सांगतो, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक नको. सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तीही सगळ्यांना नाही. पाचशे वॅट वाजवणार कुठं आणि कधी?

शेवटी टीडीए 7294 या दोन आयसींवर सौदा ठरला. प्रत्येकी पन्नासेक वॅट, दोन बॉक्स, 24-0-24 चा ट्रान्सफॉर्मर, आणि चैत्राच्या उन्हात तापेल म्हणून हिशेबापेक्षा मोठा हीटसिंक. पोरगा हिरमुसला, पण कामाला लागला.

मागचा भाग त्यानं देखणा केला. आयसीखाली अभ्रक, त्याला पांढरी पेस्ट, तारांच्या वेण्या, सगळ्या अर्थ एका खिळ्यावर आणलेल्या. पुढचा भाग मात्र त्यानं एका संध्याकाळी उरकला. एकच प्रीअँप, त्याचा गेन तीनशे पट, आणि त्याच्या आधी दहा किलोओहमचा व्हॉल्यूम. त्याचं म्हणणं सरळ होतं. कुणीही या, एकाच भोकात पिन घाला, बटण कमी-जास्त करा.

मोबाईल लावला तर बटण शून्यावरून हललं न हललं तोच बॉक्स ओरडला, आणि पुढं आवाज फाटला. माईक लावला तर बोलणं आलं, पण त्याच्याबरोबर जाड गुणगुणही आली. पेटीच्या बटणासाठी शेजारच्या देवळातली पेटी आणली. तिचे वरचे सूर नाकातून आल्यासारखे आणि खर्ज गायब. काहीच लावलं नाही, बटण पार बंद केलं, तरी सूं चालूच.

"हम कुठली ती ओळख आधी," तात्या म्हणाले. दोन प्रकारची असते. 50 हर्ट्झची बाहेरून येते, माईकच्या लांब वायरीवर मेन्सची छाया पडते म्हणून. 100 ची आपल्याच मशीनच्या पोटातली, रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर कमी पडला की येते. पोरग्यानं कान लावला. जाड होती, म्हणजे बाहेरची. मागच्या भागाला दोष नव्हता, हे त्याला बरंही वाटलं आणि नाहीही. कारण मागचा भाग चुकला असता तर अजून मोठा कपॅसिटर घालून प्रश्न मिटला असता.

मग तात्यांनी स्टूल ओढलं आणि पाटीवर आकडे मांडले. या आयसीचा स्वतःचा गेन तीसेक पट. पुरी ताकद काढायची तर तिच्या तोंडाशी सात-आठ दशांश व्होल्ट लागतात. मोबाईल जवळपास तेवढे घेऊनच येतो, त्याला पुढं कुणाची मदत नको. माईक आणतो दोन-तीन मिलीव्होल्ट. टेपचं हेड तर अर्धा मिलीव्होल्टसुद्धा आणेल की नाही, सांगता येत नाही. पेटीच्या बटणाची तऱ्हा निराळी: व्होल्ट बऱ्यापैकी, पण अंगात जोर नाही. ती चकती म्हणजे वीसेक नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तिच्यावर तुझा दहा किलोओहमचा व्हॉल्यूम बसला की 800 हर्ट्झच्या खालचं सगळं दबतं. पेटीचा खर्ज राहतो त्याच्या कितीतरी खाली.

"म्हणून व्हॉल्यूम मोठा करून..."

"व्हॉल्यूमनं काय होतं? आपल्या स्टीलच्या कारखान्यात भंगाराचा ट्रक मोजायचा काटा असतो ना? त्याच्यावर नथ ठेव. काटा हलत नाही, म्हणून नथ हलकी ठरत नाही, लेका."

पोरग्यानं पाटीकडं बघितलं आणि मशीनकडं. "मग चार मशिनं करायची का?"

"मशीन एकच. तोंडं चार."

आता हे काही तात्यांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालेलं नव्हतं. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांच्या कंपनीनं 1967 मध्ये क्वाड 33 काढला, तेव्हा त्यात रेकॉर्डच्या सुईसाठी एक छोटं बोर्ड ठेवलं होतं. ते बाहेर ओढायचं, सुई कोणत्या जातीची ते बघून फिरवून परत बसवायचं. सभागृहांची मशीनं बनवणाऱ्या जपानच्या टोआ कंपनीच्या 900 मालिकेतही मागं कप्पे असतात. ज्याला जे लागेल ते मॉड्यूल कप्प्यात सरकवायचं. तात्यांनी यातलं काय पाहिलं, काय ऐकलं, कोण जाणे. रेडिओवाल्यांची विद्या निम्मी दुसऱ्याच्या उघड्या मशीनमध्ये डोकावूनच येते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कप्पे कुठून आणायचे, याचं उत्तर जालन्यातच होतं. भंगारातून जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड आणला. त्यावरचे काळे आयएसए स्लॉट हीट गननं उतरवले. या स्लॉटमधल्या पिनांचं अंतर 2.54 मिलिमीटर, आणि आपल्या डॉट बोर्डाच्या भोकांचंही तेच, त्यामुळं वायरिंगला त्रास नाही. तांब्याच्या कोऱ्या बोर्डाच्या पट्ट्या कापल्या, रेषा नेलपेंटनं काढल्या, फेरिक क्लोराइडच्या ताटलीत त्या हलवत बसलं की उघडं तांबं विरघळतं आणि नेलपेंटखालचं राहतं. नेलपेंट पोरग्याच्या बहिणीचं. ती बाटली परत गेली नाही. प्रत्येक पट्टीला एका बाजूला खाच, म्हणजे कुणी उलटी खुपसू नये. पट्ट्यांना वीज देण्यासाठी तात्यांनी वेगळा छोटा 15-0-15 ट्रान्सफॉर्मर घालायला लावला. मोठ्याच्याच विजेवर 7815 बसवला असता. पण त्या रेग्युलेटरला 35 व्होल्टच्या वर सोसत नाही, आणि खेड्यात रात्री शेतीपंप बंद झाले की 230 चे 250 होतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे 33 मग 36 होणार आणि भर कीर्तनात धूर निघणार.

पट्ट्या चार झाल्या. मोबाईलची सगळ्यांत सोपी. डावा-उजवा आवाज दोन रेझिस्टरमधून एकत्र आणला की झालं. माईकची पट्टी 5532 वर, तीन पिनांची, दोन तारांत जे सारखंच येतं ते वजा करणारी. लांब वायरीवरची गुणगुण दोन्ही तारांत सारखी शिरते, म्हणून तीच कटते. माणसाचा आवाज दोन तारांत उलटसुलट असतो, तो उरतो. पेटीची पट्टी टीएल 072 वर. तिच्या दाराशी दहा लाख ओहम, म्हणजे तीच वीस नॅनोफॅरडची चकती आता 8 हर्ट्झपर्यंत खाली उतरू शकते. आणि चौथी टेपच्या हेडसाठी.

"ही कुणी सांगितली?" पोरग्यानं विचारलं.

"काकू म्हणाल्या ना."

"वहीत नाही."

"वहीत नाहीच," तात्या म्हणाले आणि कपॅसिटर शोधायला लागले. या पट्टीनं सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. टेपचं हेड वरचे सूर जोरात देतं, खालचे दबके. म्हणून पट्टीनं खालचे ठरलेल्या मापानं उचलायचे असतात. साध्या कॅसेटसाठी ते माप 3180 आणि 120 मायक्रोसेकंदाचं. माप चुकलं तर आवाज एकतर किरकिरतो किंवा पोत्यातून येतो. पोरग्यानं दोनदा डाग काढून तिसऱ्यांदा दिला. आणखी एक पाचवी पट्टी तात्यांनी नुसती कापून ठेवली, तिच्यावर एकही पार्ट नव्हता.

मशीनला स्लॉट तीन. प्रत्येकाला स्वतंत्र बटण, आणि सगळ्यांवर एक खटका. या आयसीला म्यूटची पिन असते. खटका पाडला की मशीन गप्प, मग पट्टी बदलली तरी बॉक्समधून धाडकन आवाज येत नाही.

आप्पा मशीन न्यायला आले. पेटी उचलून बघितली, वजन पसंत पडलं. मोबाईल लावून पोरांनी गाणं वाजवलं, तेही पसंत पडलं. मग बिल बघितलं.

"हे काय? मशीनचे एवढे, आन् ह्या पट्ट्यांचे एवढे?"

"पट्ट्यांना मेहनत जास्त लागली."

"तात्या, ही बोटभर पट्टी. हिच्यात धा-वीस रुपयांचा माल नसंल. मशीनचे घ्या, पट्ट्या द्या देवाच्या नावानं."

तात्यांनी देवाच्या नावानं हात जोडले आणि पट्ट्या काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. मोबाईलची तेवढी राहू दिली, कारण ती नसती तर मशीन मुकंच राहिलं असतं. "मशीनचे द्या. पट्ट्या लागल्या तर न्या."

आप्पांना वाटलं, सौदा जिंकला. त्यांच्या बाजूनंही बघायला हवं. वर्गणी दारोदार फिरून जमवलेली. गावाला हिशेब द्यायचा असतो, आणि हिशेबात वजनदार पेटी दाखवता येते. गेन दाखवता येत नाही.

सप्ताह बसला. विणेकरी उभे राहिले, ज्ञानेश्वरीचं पारायण लागलं. दिवसभर मोबाईलवर अभंग वाजले, लोकांनी मशीनची तारीफ केली. रात्री कीर्तन. कुणीतरी कन्व्हर्टर लावून माईकची पिन मोबाईलच्या भोकात बसवली. महाराजांनी नमन धरलं. बॉक्समधून काही नाही. बटण पुरं फिरवलं. मुंग्यांनी बोलल्यासारखं काही तरी आलं, त्याच्यावर गुणगुण. हिशेब असा: माईकचे दोन मिलीव्होल्ट, मागच्या आयसीचा गेन बत्तीस पट, म्हणजे स्पीकरवर 64 मिलीव्होल्ट. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये हा झाला अर्धा मिलीवॅट. शंभर वॅटचं मशीन, नवंकोरं, वजनदार, आणि बाहेर अर्धा मिलीवॅट.

महाराज मुरलेले होते. त्यांनी माईक बाजूला ठेवला, लोकांना पुढं सरकायला सांगितलं आणि गळ्यावर कीर्तन उभं केलं. पण मृदंग आणि चाळीस टाळकऱ्यांपुढं एका गळ्याचं काय चालणार? मागच्या बायकांना निरूपणातलं अक्षर ऐकू गेलं नाही. रात्रीच आप्पांचा फोन आला.

सकाळच्या घनसावंगीच्या गाडीनं पोरगा निघाला. निघताना म्हणाला, "आता पट्ट्यांचे दीडपट लावू."

"बिलात आहेत तेवढेच," तात्या म्हणाले. "आणि एसटीचं तिकीट."

गावात पोचल्यावर आप्पांनी नजर चुकवत पैसे मोजले. पोरग्यानं माईकची पट्टी बसवली, बटण निम्म्यावर आणलं, 'रामकृष्णहरी' म्हटलं, आणि मांडवाच्या शेवटच्या खांबाशी झोपलेलं कुत्रं उठून बसलं. मग पेटीची पट्टी. बुवांनी भाता हलवला, खर्जाचा सा धरला, आणि तो बॉक्समधून अंगावर आला तसे स्वतःच दचकले.

इथं एक गंमत झाली. गुरुजी फिएस्टा घेऊन आले आणि आपली पट्टी मागू लागले. डब्यात ती नव्हती. पोरग्यानं सुईची जात बघितली आणि सांगितलं, "गुरुजी, तुमची आन् बुवांची पट्टी एकच हाय." फिएस्टाची सुई सिरॅमिक जातीची. दाबलं की वीज देणारा पदार्थ तिच्यात, आणि पेटीच्या बटणातही तोच गुण. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये हा गुण स्फटिकांत पाहिला. दोघांनाही दाराशी दहा लाख ओहम लागतात, दोघांचंही तिथं भागतं. गावाला यात वेगळीच मौज वाटली, कारण मंडळाचं पुढारपण कुणाकडं असावं यावरून बुवा आणि गुरुजी बरीच वर्षं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. आता एक पट्टी, एक भोक, आणि वेळ वाटून घ्यायची. पहिल्या दिवशी निरोप पोरांमार्फत गेले. तिसऱ्या दिवशी बुवांनी स्वतः पिन काढून गुरुजींच्या हातात दिली, असं ऐकतो. समेट झाला म्हणतात तसं काही झालं नाही. पिन दिली, एवढंच.

दुपारी पोरगा निघायच्या तयारीत असताना थोरल्या काकू आल्या. पदराखाली जुना टू-इन-वन आणि एक कॅसेट. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या भावानं कधी काळी भरून ठेवल्या होत्या. टेपचा बोर्ड गेलेला, मोटर फिरत होती. "मागं म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. पोरगा काही बोलला नाही. टेपचा पट्टा ढिला होता, तो बदलला. हेड स्पिरिटनं पुसलं. हेडच्या दोन तारा काढून चौथ्या पट्टीला दिल्या.

स्लॉट तिन्ही भरलेले. मोबाईलची पट्टी काढावी लागणार म्हटल्यावर पोरं कुरकुरली. एक जण म्हणाला, ओव्या काय, कार्यक्रमपत्रिकेत नाहीत. पोरग्यानं वाद घातला नाही. तासभर मोबाईल वाजणार आहे का, एवढंच विचारलं. नव्हता वाजणार. मग रिकामं तोंड उघडं ठेवलं की नुसती सूं आत येते, असं म्हणून त्यानं खटका पाडला, पट्टी ओढली, दुसरी बसवली.

आधी जात्याची घरघर आली. पोरग्याचा हात सवयीनं बटणाकडं गेला, हम समजून. मग त्याच्या लक्षात आलं आणि हात थांबला. घरघरीवर एका बाईचा आवाज, जरा चिरका, कारण मोटर किंचित जास्त पळत होती. पारायण आटोपून मांडवात पंगतीच्या डाळी निवडत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. दुसऱ्या ओवीला एक म्हातारी ओळखीचा शब्द धरून मागोमाग म्हणू लागली. मग तिघी-चौघी. काकू म्हणत नव्हत्या, नुसत्या कॅसेटकडं बघत होत्या. चार-पाच ओव्यांनंतर मांडवातला आवाज बॉक्सपेक्षा वर गेला, आणि पोरग्यानं बटण हळूहळू खाली आणलं. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

आप्पा त्याला गाडीपर्यंत सोडायला आले. डब्यातल्या कोऱ्या पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, "हिचे पण पैसे देऊन टाकतो. कशाची हाय ही?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठेव हितंच," आप्पा म्हणाले. "कुणी आलं तर बोलावतो तुला." आणि वहीत त्यांनी मशीनच्या खाली वेगळी ओळ ओढून लिहिलं: पट्ट्या, पाच.

पावसाळ्याच्या तोंडाला जालन्यातलाच एक डीजेवाला दुकानात आला. गाडी नवी, घाई मोठी. "हजार वॅट पायजे. गणपतीआधी. किती घेणार?"

पोरग्यानं वही उघडली, पण आकडा लिहिला नाही. "लावणार काय काय?"

"म्हंजे?"

"लॅपटॉप का पेनड्राइव्ह? माईक किती? माईकची वायर किती लांब? ढोलाला माईक लावणार का नुसतं रेकॉर्डिंग? जनरेटर का मेन्स?"

डीजेवाल्यानं तात्यांकडं बघितलं. तात्या एका चार्जरची पिन बदलत होते. "यार, तू मशीन बनवतोस का जनगणना करतोस?" असं म्हणून तो पाच मिनिटांत निघून गेला. पलीकडच्या गल्लीत हजार म्हटलं की हजार लिहिणारं दुकान होतं.

"गेलं गिऱ्हाईक," पोरगा म्हणाला.

"जाऊ दे," तात्या म्हणाले. "स्थापनेच्या दिवशी येईल, हम काढायला. तेव्हा दुप्पट घे."